फड आणि पाणी पंचायत: पाणी 'समान' वाटलं, पण कोणत्या मापाने?

पाणीवाटपावर मराठीत काही लिहून आलं की फड (नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत) आणि पाणी पंचायत (पाणी उचलून सभासदांत वाटणारी योजना) ही दोन नावं जोडीने येतात, सख्खी भावंडं असल्यासारखी. 'दोन्हीकडे पाण्याचं समान वाटप' एवढं म्हणून लिहिणारा पुढे सरकतो. मला हे दर वेळी खटकतं. गावात कुणी गडगंज, कुणी कंगाल असताना लोक एका पाटावर एकत्र का येतात आणि का फुटतात, याची दोन अगदी वेगळी उत्तरं त्या एका वाक्यात एकाच पोत्यात भरली जातात.

वरवरचे फरक आधी उरकतो. फड धुळे-नाशिककडचा, पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचा, तीन-चारशे वर्षं जुना. पाणी उताराने येतं. पाणी पंचायत पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातली, १९७२च्या दुष्काळानंतरची. पाणी पंपाने उचलायचं. ओडिशात २००२च्या कायद्याने पाणीवापर संस्थांनाही 'पाणी पंचायत' हेच नाव दिलंय. पुरंदरशी तिचं नातं नावापुरतं. झालं.

पुरंदरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: पाणी पंचायत सुरू करणारे विलासराव साळुंखे, नायगाव, देवस्थानच्या माळरानावरचा प्रयोग, त्यांची संस्था ग्राम गौरव प्रतिष्ठान. नियमही पाठ असतात. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, ऊस नाही, भूमिहीनालाही वाटा, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आपल्या खिशातून भरायचा. फडाचं मात्र नाव सगळ्यांना माहीत, रचना फार थोड्यांना.

बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे साधारण चार भाग, ते फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक: एकात सगळा ऊस, शेजारच्यात सगळा गहू. ते ठरवतात पंच. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, फावड्याने बारं (शेतात पाणी शिरायचं तोंड) फोडतो, शेत भरलं की चार ढेकळं लोटून ते बुजवतो आणि पुढच्या बांधाकडे वळतो. मालक बांधावर उभा असो वा घरी झोपलेला असो, त्याचं शेत त्याच्या पाळीला भिजतं. आणि खरी मेख पुढे आहे. एका शेतकऱ्याची जमीन सहसा एका जागी नसते. फडाफडांत थोडीथोडी विखुरलेली असते.

सगळा घोळ इथेच होतो. पाटावरच्या गावात विषमता दोन तऱ्हेची असते. एक जागेची: हेडला, म्हणजे पाटाच्या तोंडाशी, शेत असलेला आधी भिजवून मोकळा होतो, टेलचा, म्हणजे शेवटाचा, शेतकरी वाट बघत बसतो. दुसरी मालकीची: कुणाकडे वीस एकर, कुणाकडे दोन, कुणाकडे काहीच नाही. फड पहिलीवर इलाज करतो, दुसरीला हात लावत नाही. पाणी पंचायत थेट दुसरीला हात घालते.

हिशोबच मांडतो. दोन कुटुंबं, दोन्हींत पाच-पाच माणसं. एकाची वीस एकर जमीन, दुसऱ्याची दोन एकर, दोन्ही चार फडांत सारखी विभागलेली. एखाद्या वर्षी पाणी कमी पडलं आणि पंचांनी एक फड कोरडा ठेवला. पहिल्याचे पंधरा एकर भिजले, दुसऱ्याचा दीड. तूट दोघांनाही रुपयात चार आणे. पहिल्याची जमीन हेडलाही आहे आणि टेललाही, त्यामुळे मध्येच पाट फुटला किंवा गाळाने भरला तर नुकसान त्याचंही होतं. म्हणूनच गाळ काढायच्या दिवशी त्याची माणसं हजर असतात. 'पूर्वी लोकांत एकी होती' हे फडाचं नेहमीचं स्पष्टीकरण मला मुळीच मान्य नाही. माणसं तीच होती, भांडखोरही असतील. जमिनीची मांडणीच अशी होती की पाट बिघडवून कुणाचंच भलं झालं नसतं.

पण पंधरा एकर आणि दीड एकर यांतलं अंतर तसंच राहिलं, हे विसरू नका. ज्याला जमीन नाही त्याला फडात पाणीही नाही. तो पाटकरी होईल, जागल्या होईल, वाटेकरी होणार नाही.

आता हीच दोन कुटुंबं पुरंदरच्या योजनेत आणा, आणि सोबत पाच माणसांचं एक भूमिहीन कुटुंब. तिघांनाही अडीच एकराचं पाणी. दोन एकरवाल्याचं सगळं रान भिजेल, भूमिहीन आपलं पाणी घेऊन दुसऱ्याच्या रानात वाट्याने पीक घेऊ शकेल. वीस एकरवाल्याचे साडेसतरा एकर कोरडे. आता कोण मनापासून वर्गणी भरेल आणि कोण टाळेल, हे सांगायला नको. ज्याच्याकडे स्वतःची विहीर आणि मोटर आहे, त्याला या योजनेत येण्याचं कारणच उरत नाही. पाचवा हिस्सा सोडून बाकीचा भार सरकारी अनुदान आणि प्रतिष्ठानच्या कर्जावर टाकलेला.

त्यामुळे 'विषमता असली की सहकार्य होत नाही' हे वाक्यही मला अर्धवट वाटतं आणि 'मोठा शेतकरी असला की तो पुढाकार घेतो' हेही. मोठ्याचं आणि लहानाचं नुकसान एकाच प्रमाणात बांधलेलं असेल, तर मोठा राबतो. बांधलेलं नसेल, तर तो बाहेर पडतो किंवा आत राहून कारभार हातात घेतो. दुसऱ्या प्रकाराचा दाखला आपल्याच साखर कारखान्यांत आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांवरचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. ऊस उत्पादकांच्या जमिनींत तफावत वाढत जाते तसा उसाला भाव कमी मिळतो, असं त्यात दिसलं. त्यांची मांडणी अशी: भाव कमी दिला की पैसा कारखान्यात शिल्लक राहतो आणि त्याचा वापर ठरवतात बडे सभासद. कागदावर तिथेही एक सभासद, एक मतच आहे.

मला विचाराल तर माझा कौल पाणी पंचायतीला. ती चालवायला फडापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे मान्य करूनही. त्याचं कारण तिचा असा एक नियम, जो लेखांत सर्वांत कमी येतो: पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही, ते योजनेकडे परत येतं. फडात शेजाऱ्याचा एकर विकत घेतला की त्या एकराची पाण्याची पाळीही मिळते. दहा वर्षांत एकाने दहा तुकडे जमवले तर दहांचं पाणी त्याच्या नावावर, आणि पंच तरीही म्हणणार की वाटप समान आहे. पुरंदरमध्ये त्याच माणसाने दहा तुकडे घेतले, तरी घरात माणसं पाचच असतील तर त्याचं पाणी अडीच एकराचंच.