लोन आणि ट्रान्सफर: व्लादिमिर स्टोयकोविचचे क्लब मोजताना होणारी गल्लत

सर्बियाचा फुटबॉल गोलकीपर व्लादिमिर स्टोयकोविचचा विषय निघाला की कोणीतरी क्लबांची यादी टाकतं आणि खाली लिहितं, "बघा, कुठेच टिकला नाही, जो तो विकत राहिला." दर वेळी तेच. त्या यादीतली बरीच नावं लोनची आहेत, हे कोणी बघतच नाही.

ट्रान्सफर सगळ्यांना ठाऊक आहे. एका क्लबशी संबंध संपतो, दुसऱ्याशी नवा करार होतो. पैसे मोजले की करार संपल्यावर फुकट गेला, हा तपशील इथे गौण.

लोनचं तसं नाही. आपल्याकडच्या सरकारी प्रतिनियुक्तीसारखं ते आहे: काम दुसऱ्या खात्यात, नोकरी मूळ खात्याची. गोलकीपर नव्या क्लबकडून खेळतो, पण मूळ क्लबशी केलेला करार मोडत नाही. पगाराचा किती भार कोणी उचलायचा ते दोन्ही क्लब ठरवतात. मुदत संपली की तो परत येतो.

आता 2007 ते 2011 ही वर्षं बघा. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनने त्याला 2007 मध्ये घेतलं, पण थोड्याच महिन्यांत तरुण रुई पात्रिसिओने जागा पटकावली. बचावपटूला डावीकडून उजवीकडे सरकवता येतं, शेवटची पंधरा मिनिटं उतरवता येतं. गोलकीपरची जागा एकच, आणि ती गेली की हंगामभर बाकावर. म्हणून लोनवर जानेवारी 2009 मध्ये स्पेनचा खेताफे, जानेवारी 2010 मध्ये इंग्लंडचा विगन, ऑगस्ट 2010 मध्ये सर्बियाचा पार्टिझान. यादीत चार क्लब दिसतात, मालक एकच: स्पोर्टिंग. याला "चार ठिकाणांहून हाकलला" म्हणणं साफ चूक आहे. याच काळात, जून 2010 मध्ये, त्याने विश्वचषकात पोडोल्स्कीची पेनल्टी अडवली आणि सर्बियाने जर्मनीला 1-0 हरवलं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते पार्टिझानबद्दलचं बोलणं. स्टोयकोविच आधी रेड स्टारमध्ये होता, आणि बेलग्रेडचे हे दोन क्लब एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. "रेड स्टार सोडून थेट कट्टर वैऱ्याकडे गेला" हे वाक्य सर्रास फिरतं. थेट कुठे? रेड स्टारमधून तो 2006 मध्ये फ्रान्सच्या नांतला गेला, तिथून लोनवर नेदरलँड्सच्या फितेसला, मग लिस्बन. तरीही 12 ऑक्टोबर 2010 ला जेनोआत इटलीविरुद्धच्या सामन्याआधी सर्बियाच्याच समर्थकांनी संघाच्या बसवर चढून त्याच्यावर हल्ला केला. तो खेळूच शकला नाही, सामना काही मिनिटांत थांबला, आणि युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) इटलीला 3-0 असा विजय दिला. त्या रात्री त्याचा मूळ करार स्पोर्टिंगशीच होता. पार्टिझानने त्याला कायमचं घेतलं ते 2011 मध्ये.

पुढचे एर्गोटेलिस, मक्काबी हैफा, नॉटिंगहॅम फॉरेस्ट हे मात्र खरे ट्रान्सफर. 2017 मध्ये तो पार्टिझानला परतला तोही स्वतःच्या करारावर, आणि तिथूनच 2018 च्या विश्वचषकात सर्बियाच्या गोलमध्ये उभा राहिला. भटका म्हणायचंच असेल तर या वर्षांसाठी म्हणा. लिस्बनच्या चार वर्षांना तो शब्द लावू नका.