38 टॉर्पेडोंचा हिशेब: 'व्हॉयेजर'च्या वादाची पार्श्वभूमी

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' ही अमेरिकन अंतराळमालिका तिच्या लेखकांनी वाया घालवली की नाही, यावर जळगाव-भुसावळ-धुळ्याकडचे विज्ञानमालिकांचे शौकीन भांडायला बसले की 38 हा आकडा निघतोच. पहिल्या पर्वातल्या 'द क्लाउड' या भागात व्हॉयेजर या अंतराळजहाजावर 38 फोटॉन टॉर्पेडो, म्हणजे डागायची अस्त्रे, असल्याचे सांगितले जाते, आणि संपले की नवे मिळायचे नाहीत, असे कॅप्टन जेनवे तिथेच बजावते. सातही पर्वांत मिळून किती उडाले, याची चाहत्यांनी भागागणिक मोजदाद केली. ती 38च्या दुपटीपुढे जाते. जादाचे टॉर्पेडो आले कुठून, याचे सरळ उत्तर मालिकेत नाही.

वाद टॉर्पेडोंचा नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. 16 जानेवारी 1995 रोजी मालिका सुरू झाली तेव्हा कथेचा पायाच टंचाईचा होता. जहाज 70,000 प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले, पूर्ण वेगाने परतायला 75 वर्षे लागणार, वाटेत ना तळ ना रसद. शिवाय कर्मचाऱ्यांतले काही जण माक्वी बंडखोर, म्हणजे ज्यांना पकडायला जहाज निघाले तेच. या बंडखोरांची पेरणी 1994 मध्येच 'नेक्स्ट जनरेशन' आणि 'डीप स्पेस नाइन' या आधीच्या मालिकांत मुद्दाम केली होती. इतकी तयारी करून पहिल्याच कथेच्या शेवटी माक्वी मंडळी स्टारफ्लीटचा, म्हणजे जहाज ज्या अंतराळदलाचे त्याचा, गणवेश घालून कामाला लागतात. माक्वींतल्या सेस्काची फितुरी आणि सुरक्षा अधिकारी टुवॉकने चार माक्वींना कवायत शिकवण्याचा 'लर्निंग कर्व्ह' हा भाग सोडला, तर त्या संघर्षातून फारसे काही काढलेच नाही. टॉर्पेडोंपेक्षा ही चूक मोठी.

पारोळा-अमळनेर पट्ट्यात उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. तिथल्या प्रेक्षकाला टंचाई म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. एका टाकीत किती दिवस काढायचे हा हिशेब डोक्यात सतत चालू असतो. तसा हिशेब मालिकेने सुरुवातीला मांडलाही होता. अन्न तयार करणाऱ्या रेप्लिकेटरवर रेशन, नीलिक्सचे स्वयंपाकघर, भाजीपाल्यासाठी राखलेला कक्ष. पण करमणुकीचा होलोडेक, म्हणजे आभासी जग उभे करणारा कक्ष, मात्र जोरात चालू, कारण त्याची ऊर्जा बाकी यंत्रणेला चालत नाही असा एक संवाद टाकून लेखक मोकळे झाले. हळूहळू रेशनही नावापुरते उरले. लढाईत जहाजाची चाळण होते आणि पुढच्या भागात त्यावर ओरखडाही नसतो. याला अहिराणीत 'रोज फुटस अन् दुसरा दिन कोरं दिसस' एवढेच म्हणता येते.

असे का झाले, याचे उत्तर लेखकांच्या आळसापेक्षा धंद्यात जास्त सापडते. यूपीएन ही अमेरिकन वाहिनी 'व्हॉयेजर'बरोबर त्याच दिवशी जन्माला आली. वाहिनीला पहिल्या आठवड्यापासून गर्दी हवी होती, म्हणजे मधूनच आलेल्या प्रेक्षकालाही भाग कळला पाहिजे. दुसरी कमाई पुढची. शंभरेक भाग साठले की अमेरिकेतली स्थानिक केंद्रे मालिका विकत घेऊन रोज एक भाग दाखवत. अशा पुनर्प्रक्षेपणात प्रत्येक भाग सुटा असणे सोयीचे. वर्षाला साधारण 26 भाग काढायचे म्हटल्यावर शटल (छोटे यान) फुटण्याचे जुने दृश्य पुन्हा वापरणे स्वस्त, आणि फुटलेले जहाज पुढचे दहा भाग फुटलेलेच दाखवणे महाग.

सुट्या भागांचा आणखी एक परिणाम म्हणजे क्रमाची हेळसांड. पहिल्या पर्वासाठी चित्रित झालेले चार भाग वाहिनीने मागे ठेवून दुसऱ्या पर्वात दाखवले. पर्वाचा शेवट म्हणून ठरलेला 'द 37's' दुसऱ्या पर्वाची सुरुवात झाला. सातव्या पर्वात तर 'इम्परफेक्शन'मध्ये जहाजाचा चालक टॉम पॅरिसच्या बोटात लग्नाची अंगठी दिसते आणि लग्न होते त्यानंतर दाखवलेल्या 'ड्राइव्ह'मध्ये. सलग पाहणाऱ्याने हे दोन भाग उलट क्रमाने लावावेत. 'ड्राइव्ह'मध्येच डेल्टा फ्लायर हे जहाजावरचे छोटे यानही नवे येते. जुने सहाव्या पर्वाच्या अखेरीला फुटले होते.

त्या काळी दुसरे काही शक्यच नव्हते, असे मात्र नाही. 'बॅबिलॉन 5' ही दुसरी अंतराळमालिका पाच वर्षांचा आराखडा धरून 1994 ते 1998 चाललीच. 'व्हॉयेजर'च्या आतही प्रयत्न झाला. मालिकेचे लेखक ब्रॅनन ब्रागा यांना जहाजाची वाताहत पूर्ण पर्वभर दाखवायची होती. त्याचे 'इयर ऑफ हेल' हे दोनच भाग झाले, नोव्हेंबर 1997 मध्ये. डेक जळालेले, टुवॉक आंधळा, बहुतेक कर्मचारी जहाज सोडून गेलेले. आणि शेवटी काळाचे चाक फिरवून सगळे पुसून टाकलेले. पुढे 1999 मध्ये 'इक्विनॉक्स' ही दोन भागांची कथा आली. तशाच अडकलेल्या दुसऱ्या जहाजाचे कर्मचारी इंधनासाठी परग्रहवासी जीव मारत सुटतात. आपल्या जहाजाचे काय व्हायला हवे होते, ते मालिकेने शेजारच्या जहाजावर दाखवले.

त्याच वर्षी रोनाल्ड डी. मूर 'डीप स्पेस नाइन' संपवून 'व्हॉयेजर'च्या लेखकांत आले आणि थोड्याच भागांनंतर बाहेर पडले. 2003 मध्ये त्यांनी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने उभी केली. तिच्या सुरुवातीच्या नामावलीतच जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा येतो आणि भागागणिक बदलतो. नेहमीच्या मालिकेचा दुसराच भाग पाण्याच्या टाक्या फुटण्यावर आहे. 'वाया गेली' म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पुरावा, आणि तो जोरदार आहे.

खानदेशातल्या वादाला पिढीचीही बाजू आहे. इथल्या थोरल्या प्रेक्षकाची सवय 1980च्या दशकातल्या दूरदर्शनची, जिथे मूळ 'स्टार ट्रेक' दाखवली गेली. गावोगावच्या 100 वॅटच्या लघुशक्ती प्रक्षेपकाचा पल्ला 15 ते 25 किलोमीटरच. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बांबूवर अँटेना चढवून, बूस्टर लावूनही पडद्यावर मुंग्या. त्यात वीज गेली की तो भाग गेलाच. अशा प्रेक्षकाला सुटा भाग ही सोय होती. आजचा पोरगा मोबाइलवर रात्रीत सहा भाग उडवतो. त्याला कालचा ओरखडा आज दिसला नाही की लगेच खटकते. दोघेही एकच मालिका पाहत नाहीत, म्हणा ना.

बचाव करणाऱ्यांचा खरा मुद्दा टिकण्याचा आहे. 'व्हॉयेजर'ला सात पर्वे मिळाली. चौथ्या पर्वात आलेली, बोर्ग या अर्धयांत्रिक जमातीतून सोडवलेली सेव्हन ऑफ नाइन आणि होलोग्राम (प्रकाशाचा आभासी) डॉक्टर यांची हळूहळू घडण त्या लांबीशिवाय झालीच नसती. ही दोन पात्रे बदलतात आणि बदललेली राहतात, हे टीकाकार सोयीने विसरतात. उलट 2002 ची 'फायरफ्लाय' पाहा: फॉक्स वाहिनीने भाग उलटसुलट दाखवले आणि 14 पैकी 11 दाखवून गाशा गुंडाळला. शेवटाचा बचाव मात्र कोणी करू नये. मे 2001 मधल्या 'एंडगेम'मध्ये सात पर्वे ज्या घराची वाट पाहिली ते अखेरच्या क्षणी समोर येते आणि श्रेयनामावली सुरू होते. माक्वींवरच्या खटल्यांचे काय झाले, हे विचारायलाही कोणी उरत नाही.