अणुभट्टी बंद केली तरी पाणी लागतेच

खडका बंधाऱ्यातले पाणी संपले म्हणून २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद पडले. नुकसान झाले, पण कोळसा थांबला की बॉयलर आपोआप निवतो. अणुभट्टी तशी निवत नाही. नियंत्रक दांडे आत सोडून विखंडन, म्हणजे युरेनियमचे अणू दुभंगण्याची साखळी, थांबवले तरी त्यातून आधीच तयार झालेल्या किरणोत्सारी अणूंचा क्षय चालूच राहतो आणि त्यातून उष्णता निघते. ३,००० मेगावॉट उष्णतेच्या भट्टीत बंद केल्या क्षणी सुमारे २०० मेगावॉट, तासाभराने चाळीसच्या आसपास आणि दुसऱ्या दिवशीही दहा-पंधरा मेगावॉट उष्णता असते. पाणी फिरले नाही तर इंधन उघडे पडते, वाफेशी इंधन भरलेल्या झिरकोनियम धातूच्या नळ्यांची अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, मग इंधन वितळते.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ रोजी अणुभट्टीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला आणि त्यातून पाणी निसटत राहिले. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हला बंद होण्याचा इशारा गेला, एवढेच दाखवत होता. तो बंद झाला असे समजून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीही कमी केले. भट्टीचा गाभा, म्हणजे इंधनाचा भाग, जवळपास निम्मा वितळला. जपानमधल्या फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप होताच भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या. पाऊण-एक तासाने त्सुनामीची लाट आली, तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले. समोर अख्खा समुद्र, पण पंप फिरवायला वीज नाही! तीन भट्ट्या वितळल्या.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलच्या अपघाताचे कारण वेगळे. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चाचणीसाठी भट्टी फार कमी शक्तीवर चालवली होती. पाण्याची वाफ झाली की शक्ती आणखी वाढावी, अशी तिची रचनाच होती. त्यात नियंत्रक दांड्यांची टोके विखंडनाला चालना देणाऱ्या ग्रॅफाइटची. थांबवायला दाबलेल्या बटणानेच शक्ती उसळली.

तिथले किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतातून गायीच्या दुधात उतरले. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, अवघे ८ दिवसांचे. दूध वेळीच थांबवले असते तर मुलांचे बरेचसे थायरॉईड कर्करोग टळले असते. इशाराच उशिरा दिला गेला. तिथूनच सुटलेल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे, आणि ते मातीला धरून बसते. किल्लारीच्या भूकंपानंतर गावे हलली, तरी माणसे पेरणीला आपल्याच शिवारात गेली. चेर्नोबिलशेजारच्या प्रिप्यात शहराच्या आसपासच्या खेडुतांना ती वाटही उरली नाही.

फुकुशिमात तर किरणोत्सारापेक्षा स्थलांतरानेच जास्त जीव घेतले. घाईघाईने हलवलेले रुग्ण आणि वृद्ध बसमध्ये, निवारा केंद्रांत आणि पुढे तात्पुरत्या घरांत दगावले. त्या प्रांतात असे मृत्यू २,००० च्या वर नोंदले गेले आहेत.