दुर्योधनाचा केसपेपर

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी आणि पिवळी मारबत हे बायकांचे मोठे पुतळे निघतात, मागून बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे येतात आणि बडग्यांच्या अंगावर त्या वर्षीच्या पीडांच्या पाट्या. १८८०च्या दशकापासून नागपूर असंच वर्षातून एकदा आपले खलनायक मिरवून जाळतं. ‘घेऊन जा गे मारबत’च्या गजरात शेजारी उभी असलेली माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, दुर्योधनाचा बडग्या काहून नाही करत जी कोणी? पक्का सायको होता न तो.”

मी मानसशास्त्र शिकवतो. ‘सायको’ कानावर पडलं की गर्दीतसुद्धा माझ्यातला मास्तर जागा होतो. म्हटलं, पुढच्या तासाला केसपेपरच काढू त्याचा.

‘सायको’ असं निदान कुठल्याही पुस्तकात नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम या निदानग्रंथात दहा व्यक्तिमत्त्व विकार आहेत. लोकांच्या मनातल्या ‘सायको’ला त्यातला सर्वांत जवळचा म्हणजे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार. त्याचे सात निकष: कायदा मोडणं, फसवणूक, उतावळेपणा, मारकुटेपणा, स्वतःच्या-दुसऱ्याच्या जिवाची बेपर्वाई, बेजबाबदारपणा आणि केल्याचं काहीच न वाटणं. किमान तीन जुळायला हवेत, वय १८ पूर्ण हवं आणि १५ वर्षांच्या आधीपासून वर्तन बिघडल्याचा पुरावा हवा.

वर्गाने फटाफट खुणा केल्या. बालपणीचा पुरावा? आदिपर्वात पोरवयातच भीमाला अन्नातून कालकूट विष घालून, वेलींनी बांधून गंगेत लोटलं. फसवणूक? लाक्षागृह आणि द्यूत. मारकुटेपणा आहे, पश्चात्ताप नाही. तीन झाले! उतावळेपणावर मात्र गाडी अडली. जो माणूस वारणावतात लाखेचं घर बांधवून घेतो, पुरोचन या आपल्या माणसाला तिथे ठेवतो आणि योग्य रात्रीची वाट पाहतो, त्याला उतावळा कसं म्हणायचं?

मला स्वतःला दुसरं पान जास्त पटतं, आत्ममुग्ध व्यक्तिमत्त्व विकाराचं. तिथे नऊ निकष आणि पाच पुरे. ‘हे माझंच’ अशी हक्काची भावना हवी, तर सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन न देणारा राजा समोर आहे. हेवा हा तर स्वतंत्र निकषच आहे. राजसूय यज्ञातलं पांडवांचं वैभव पाहून आणि मयसभेत पाण्यात पडून परतलेला दुर्योधन शकुनीला सांगतो की आता आगीत उडी घेतो, विष पितो, नाहीतर पाण्यात जीव देतो. शेजाऱ्याचं बरं चाललंय म्हणून मरणाची भाषा! आणि वनपर्वात याहून बोलका प्रसंग आहे. वनवासातल्या पांडवांना आपली श्रीमंती दाखवायला हा गुरांच्या पाहणीच्या निमित्ताने घोषयात्रा काढतो, गंधर्वांच्या हाती सापडतो आणि त्याला सोडवतात ते पांडवच. जिवंत सुटल्याचा आनंद नाही. उलट दर्भावर बसून अन्नपाणी सोडून मरायला निघतो. फुगलेल्या अहंकाराच्या आत स्वतःबद्दलचा अभिमान किती ठिसूळ असू शकतो, ते शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता निदान झालं असं वर्गाला वाटलं. मग मी फळ्यावर सगळ्या व्यक्तिमत्त्व विकारांना लागू असलेल्या सामाईक अटी लिहिल्या. वागण्याची तऱ्हा त्या माणसाच्या संस्कृतीच्या अपेक्षेपेक्षा ठळक वेगळी हवी. ती आयुष्याच्या एका कोपऱ्यात नव्हे, अनेक प्रसंगांत, अनेक नात्यांत दिसायला हवी. आणि तिच्यामुळे त्रास किंवा अडथळा व्हायला हवा. दवाखान्यात येणारी माणसं बहुधा अशी त्रासलेलीच असतात, राक्षस नव्हे.

दुसऱ्या अटीवर दुर्योधन निसटू लागतो. कर्णाला अंगदेशाचं राज्य देऊन त्याने जोडलेली मैत्री शेवटपर्यंत टिकली. स्वार्थ असेल त्यात, पण नातं टिकलं. आणि आश्रमवासिक पर्वात, युद्ध होऊन कित्येक वर्षं लोटल्यावर, धृतराष्ट्र प्रजेचा निरोप घेतो तेव्हा प्रजेच्या वतीने एक ब्राह्मण उठून म्हणतो की दुर्योधनाने आमचं काही वाईट केलं नाही, आम्ही बापावर टाकावा तसा त्याच्यावर विश्वास टाकला होता. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबली. म्हणजे बिघाड होता, पण तो पांडव समोर आले की. त्याला वैर म्हणतात. विकाराची कसोटी त्याहून कडक असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाने तर हे वेगवेगळे कप्पेच जवळजवळ मोडीत काढलेत. आधी विकार आहे का, आणि असेल तर सौम्य, मध्यम की तीव्र, हे ठरवायचं. गुणविशेष त्यानंतर.

तास संपताना एकाने विचारलं, “सर, मग आमच्या वार्डातल्या नेत्याचा केसपेपर काढू का?” नाही. स्वतः न तपासलेल्या आणि परवानगी न दिलेल्या सार्वजनिक व्यक्तीबद्दल मनोविकारतज्ज्ञाने मत देऊ नये, असा अमेरिकी संघटनेचा नियम १९७३पासून आहे. गोल्डवॉटर नावाच्या राजकारण्यावरून तो त्याच नावाने ओळखला जातो. दुर्योधन चालतो, कारण त्याला नोकरीवरून कोणी काढणार नाही.

आठवड्याने ती विद्यार्थिनी भीमाचा केसपेपर भरून घेऊन आली. बालपण: कौरव पोरांना पाण्यात बुडवून धरणं, ती झाडावर चढली की झाड हलवून फळांसकट खाली पाडणं. पुढे: कीचकाचा मांसाचा गोळा, दुःशासनाचं रक्त. तिचेही तीन निकष भरले होते. केसपेपरवर ‘माहिती देणारा’ असा एक रकाना असतो. तिथे तिने लिहिलं होतं: वैशंपायन. आणि त्याखाली, कंसात: ऐकणारा जनमेजय, अर्जुनाचा पणतू.