टॉवरच्या कैदेतली यादी

1677 साली अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी हा इंग्लंडमधला उमराव आणि राजकारणी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. राजाच्या दरबाराशी त्याचं बिनसलं होतं. तिथे त्याने खासदारांची यादी केली आणि नावापुढे एकेक अक्षर टाकलं. भल्या माणसापुढे ‘डब्ल्यू’ (वर्दी), नीच माणसापुढे ‘व्ही’ (व्हाइल). कुणी फारच भला किंवा फारच नीच वाटला, तर तेच अक्षर दोनदा, तीनदा.

संसदीय पक्षाचा जन्म मला या कागदावर दिसतो. गट आधीही होते, पण ते माणसाभोवती जमायचे. एखाद्या मंत्र्याचे नातेवाईक, त्याने नोकरीला लावलेले लोक. मंत्री पडला की गट पांगला. शिवाय संसदेत तट पाडणं हे पापच मानलं जाई, कारण राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या जखमा ताज्या होत्या.

मग असा प्रश्न आला की कुणालाच गप्प राहता येईना. राजा दुसऱ्या चार्ल्सला औरस अपत्य नव्हतं आणि वारस असलेला भाऊ जेम्स प्रोटेस्टंट देशात कॅथलिक होता. त्याला गादीपासून दूर ठेवायचं का? मे 1679 मध्ये हाऊस ऑफ कॉमन्समध्ये तशा विधेयकाच्या बाजूने 207 मतं पडली, विरोधात 128. राजाने संसद बरखास्त केली.

1679 ते 1681 या काळात तीन निवडणुका झाल्या. शाफ्ट्सबरीने पुन्हा यादी केली, तेव्हा कुंपणावरचेही वेगळे काढले. त्याच सुमारास छपाईवरच्या परवान्यांचा कायदा संपला आणि पत्रकांचा पाऊस पडला. चॅन्सरी लेनच्या तोंडाशी किंग्ज हेड नावाच्या गुत्त्यात त्याची माणसं जमत, हॅटला हिरवी फीत लावून. आता गावोगावच्या मतदारालाही बाजू घ्यावी लागत होती. माझ्या मते गटाचा पक्ष झाला तो इथे.

जेम्सला गादीपासून दूर ठेवू पाहणारे शाफ्ट्सबरीचे लोक ते ‘व्हिग’, जेम्सच्या हक्काच्या बाजूचे ते ‘टोरी’. ही नावं मात्र शत्रूंनी दिली, तीही शिव्या म्हणून. ‘व्हिग’ म्हणजे मुळात स्कॉटलंडमधले धर्मवेडे बंडखोर, ‘टोरी’ म्हणजे आयर्लंडमधले दरोडेखोर.

नोव्हेंबर 1680 मध्ये उमरावांच्या सभागृहाने विधेयक 63 विरुद्ध 30 मतांनी फेटाळलं. शाफ्ट्सबरी 1683 मध्ये ॲमस्टरडॅमला परागंदा अवस्थेत वारला, दोन वर्षांनी जेम्स राजाही झाला. नेता गेला तरी व्हिग पांगले नाहीत. 1688 मध्ये जेम्स पळाला, तेव्हा ते होतेच, आणि टोरीही.