बागेतल्या किडे-कोळ्यांची मॅक्रो फोटोग्राफी

बागेत, गॅलरीतल्या कुंड्यांत किंवा कंपाउंडच्या झुडपांवर सापडणारे किडे आणि कोळी सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, त्यांच्या खऱ्या आकाराएवढे किंवा त्याहून मोठे उतरतील असे फोटो काढणं म्हणजे ही मॅक्रो फोटोग्राफी. कोळी काही कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, पण फोटो काढायची पद्धत तीच म्हणून दोघांना इथे एकत्रच घेतलंय.

मॅक्रो नेमकं कशाला म्हणायचं यावर मात्र एकमत नाही. जुना हिशोब १:१ चा, म्हणजे १० मिमीचा भुंगा सेन्सरवरही १० मिमीच पडला पाहिजे, आणि फुलफ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असल्यामुळे एवढा भुंगा फोटोत चांगलाच मोठा दिसतो. लेन्स विकणाऱ्यांनी पुढे १:४ वाल्या, म्हणजे किडा पाव आकाराचाच उतरवणाऱ्या झूमवरसुद्धा मॅक्रो लिहायला सुरुवात केली आणि शब्द पातळ झाला. शब्दाचा उगम साधारण १८९९ चा सांगितला जातो, डब्ल्यू. एच. वॉल्म्सली यांनी १० पटीच्या आतल्या चित्रांना फोटो-मॅक्रोग्राफ म्हणावं असं सुचवलं, म्हणजे मायक्रोस्कोपमधून काढलेल्या चित्रांशी गल्लत होणार नाही. त्यामुळे काही जाणकार आजही फोटोमॅक्रोग्राफी हाच शब्द बरोबर धरतात, कारण त्यांच्या मते मॅक्रोफोटोग्राफी म्हणजे भलेमोठे फोटो बनवणं. निकॉन तर १९५६ पासून आपल्या अशा लेन्सना मायक्रोच म्हणत आलीये. नाव काहीही घ्या, १:१ ची मोजपट्टी जास्त उपयोगाची आहे कारण ती किड्यावरून मोजता येते. पहिली मॅक्रो लेन्स म्हणून बहुतेक ठिकाणी हाइन्झ किलफिट यांची १९५५ च्या सुमाराची ४० मिमी माक्रो-किलार सांगतात. बेलोजवर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्समधल्या घडीच्या भात्यावर, लावायच्या लेन्स त्याआधीही होत्या, त्यामुळे हा मान साध्या कॅमेऱ्यावर नुसती रिंग फिरवून जवळ जाता येणाऱ्या लेन्सपुरताच धरावा.

खरी अडचण फोकसच्या खोलीची. फुलफ्रेमवर १:१ ला, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, f/8 वर असताना, जेमतेम १ मिमी जाडीचा पट्टा शार्प येतो, शिवाय इतक्या जवळ f/8 प्रत्यक्षात f/16 सारखं वागतं, म्हणजे उजेड एक चतुर्थांशच उरतो, आणि ॲपर्चर अजून बंद करत गेलं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. म्हणून पुढे-मागे फोकस करून काढलेल्या बऱ्याच फ्रेम्स सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करतात, त्याला स्टॅकिंग म्हणतात. किडा हलला की तो स्टॅक गेलाच म्हणा.

सुरुवातीला ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स सगळ्यात सोयीची, किड्यापासून जरा लांब राहता येतं. बजेट नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, तिच्यात काच नसते, नुसतं अंतर वाढतं, ५० मिमी लेन्सला ५० मिमीची ट्यूब लावली की १:१ मिळतं. रेनॉक्सच्या डीसीआर-२५० सारखं ८ डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) चं भिंग २०० मिमी झूमच्या तोंडावर लावलं की १.६ पटीच्या आसपास जाता येतं. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली, उलटी लावणं सगळ्यात स्वस्त, फक्त ॲपर्चर रिंगवाली जुनी लेन्स असेल तर बरं पडतं. कॅननची एमपी-ई ६५ मिमी १ ते ५ पट देते पण तिने दुसरं काहीच काढता येत नाही.

पण लेन्सपेक्षा उजेडावर मेहनत घ्या. उघडा फ्लॅश मारला की ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो आणि खालचा रंग जळून जातो. चिप्सच्या गोल डब्याला आतून फॉइल आणि तोंडाला बटर पेपर, एवढा घरगुती डिफ्यूझर पुरतो, तो लेन्सच्या टोकापर्यंत, किड्याच्या जवळ आला पाहिजे. ट्रायपॉड झुडपात अडकतो, म्हणून बरेच जण हातातच कॅमेरा धरून फांदीला बोट टेकवतात आणि अंग हळूच पुढे-मागे करत फोकस पकडतात.

उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे जागेवरून हलत नाहीत, आतला पडदा हलतो. तो थेट आपल्याकडे बघत असला की डोळे काळेभोर दिसतात, नजर वळवली की त्यांचा रंग फिका होतो, त्यामुळे क्लिक कधी करायचं ते डोळेच सांगतात. कोकणात आंब्यावर लाल विणकर मुंग्यांच्या रांगेत नीट बघा, एखादी मुंगी पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरून चालते, तो कोळी असतो. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ते पुसू नका, बहुरूपी फुलपाखराची छोटी अळी असू शकते.

किड्याला फ्रीजमध्ये गारठवून किंवा चिकटवून फोटो काढणारेही आहेत. हे चूक आहे. निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीचे, म्हणजे ब्लू-बँडेड बीचे, नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने चावून धरतात आणि तसेच आडवे लटकून झोपतात, कधी एकाच काडीवर असे चार-पाच जण. पहाटे ऊन यायच्या आत गेलं तर अंगावर दव असतं, ते हलत नाहीत आणि स्टॅकिंगला हवा तेवढा वेळ मिळतो.