ट्लिंगिट लोकांचे शिंगाचे चमचे

आग्नेय अलास्काचा किनारा आणि लगतचा कॅनडा येथील ट्लिंगिट लोकांचे कोरीव चमचे. काळा, वळणदार दांडा माउंटन गोट या पहाडी प्राण्याच्या शिंगाचा, तर खोलगट वाटी बहुधा डॉल मेंढ्याच्या पिवळसर, अर्धपारदर्शक शिंगाची. दोन्ही भाग तांब्याच्या रिवेटांनी जोडतात. काही चमचे अखंड शिंगाचेही असतात. शिंग उकळून किंवा वाफवून मऊ करतात आणि लाकडी साच्यात दाबून थंड होऊ देतात. काही दांड्यांवर अबॅलोन शिंपल्याचे तुकडे जडवलेले दिसतात.

दांड्यावर एकावर एक रचलेल्या डोमकावळा, अस्वल, लांडगा अशा आकृत्या बहुतेकदा कुळाची चिन्हे असतात. ती वापरण्याचा हक्क त्या कुळाचाच. ट्लिंगिट समाज डोमकावळा आणि गरुड (काही भागांत लांडगा) अशा दोन गटांत विभागलेला असून कूळ आईकडून येते. मृताच्या स्मरणार्थ होणाऱ्या कू-ईख या समारंभात यजमान कूळ समोरच्या गटातील पाहुण्यांना जेवू घालते आणि पूर्वजांचा वाटा अग्नीत अर्पण करते. असे चमचे अशाच प्रसंगी बाहेर निघत. त्यांना निव्वळ शोभेची कलाकृती म्हणणे अपुरे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संग्राहकांनी असंख्य वस्तू अलास्काबाहेर नेल्या. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉर्ज थॉर्नटन एमन्स यांनी जमवलेला मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे.

शिंग म्हणजे केराटिन, नखा-केसांतले प्रथिन. फार कोरड्या हवेत त्याचे थर सुटतात, दमट हवेत ते वाकते, आणि कसरीसारखे किडे ते खातात. वाटीत मुरलेल्या सीलच्या तेलामुळे तांब्याच्या रिवेटांभोवती हिरवट, मेणचट थर साचू शकतो. पण तेलाचा तो अंश वापराची खूण आहे. कुळाच्या जाणत्यांना न विचारता तो पुसणे गैरच. अमेरिकेच्या 1990 च्या नॅगप्रा कायद्याने मूळनिवासी समूहांना पवित्र वस्तू आणि समूहाच्या मालकीच्या वस्तू संग्रहालयांकडून परत मागण्याचा मार्ग खुला केला. जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा वस्तूंच्या प्रदर्शनापूर्वी किंवा संशोधनापूर्वी संबंधितांची संमती घेणे संग्रहालयांवर बंधनकारक आहे.

सर्वांत अवघड प्रश्न जुन्या कीटकनाशकांचा. संग्रहालयांत एकेकाळी आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे सर्रास वापरली जात, आणि चमचा तर तोंडात जाणारी वस्तू. क्ष-किरण प्रतिदीप्ती तपासणीत, म्हणजे क्ष-किरण पाडून वस्तूतील मूलद्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीत, आर्सेनिक आणि पाऱ्याचा माग लागतो. ज्ञात फवारणीची माहिती वस्तू परत घेणाऱ्यांना देणे संग्रहालयाचे कर्तव्य आहे. तो चमचा पुन्हा पंगतीत येणार की समारंभात नुसता मांडला जाणार, हे कूळ ठरवते.